कासवाच्या मागं धागा

२ जुलै २०२५, बुधवार

पहिल्याच पानावर लिहून ठेवते. ही वही जो कोणी चोरून वाचीन, त्याचे डोळे फुटो.

तसं इथं वाचणार कोण म्हणा. नवरा हैदराबादले सेंटरिंगच्या कामावर, वर्षातून दोनदा येते. राखी, माही पोरगी, चवथीत आहे. तिले स्वतःचं पुस्तक उघडाचा कंटाळा, आईची वही काय उघडते. मामाजी म्हंजे माहे सासरे दुलीचंद. ते पेपर वाचतेत, पण सुनेच्या वस्तूले हात लावणं त्याइच्या शानमध्ये बसत नाही. अन् मामीजी, माही सासू लीलाबाई, अंगठाछाप. बँकेत अंगठा, राशनवर अंगठा. त्याइच्या समोर वही उघडी टाकून गेली तरी चिंता नाही.

वही श्रुतिका मॅडमनं देली. मॅडम म्हंजे सव्वीस वर्षाची पोरगी, नागपूरची, राजेगावले खोली घेऊन राह्यली आहे. आमच्या गावच्या बोडीतली, म्हंजे तळ्यातली, काळी कासवं कुठं जातेत, काय करतेत, धानाच्या कोणत्या बांधीत राह्यतेत, हे तिले शिकाचं आहे. सोबतीले गावातले दोन पोट्टे लावले होते, लोक हासले त तिसऱ्या दिवशी पळाले. मग ती बचत गटाच्या बैठकीत आली अन् विचारलं, लिहिता येणारी कोणी आहे का. माहा हात वर गेला. मले विचारून नाही गेला.

घरी सांगितलं. मामाजी म्हणले, “कासवाच्या मागं फिरणारी सून आमच्या सात पिढ्यात झाली नाही.”

मी म्हटलं, “मग आठव्या पिढीत होईन.”

बाप्पा! कसं तोंडातून निघालं, मलेच माहीत नाही. मामीजी भिंतीले टेकून दाताले तंबाखूचं गुडाखू घासत बसल्या होत्या. हौ नाही का नाही नाही. बारा वर्षांत या घरात मी त्याइचं पूर्ण वाक्य ऐकलं असन त दहा-बारा वेळा.

मॅडमनं दोन वह्या देल्या. एक कामाची, त्यात वेळ, जागा, पाणी किती. दुसरी म्हणे तुमच्यासाठी, मनातलं लिहा. मनातलं लिहाले कोणी वही देते हे मले नवीनच होतं.

५ जुलै, शनिवार

काम असं आहे. पहाटे बोडीच्या काठावर कासव धरायचं. ताटलीएवढं, काळंकुट्ट, पाठीवर तीन कणे. त्याच्या पाठीच्या मागच्या बाजूले धाग्याची छोटी रीळ चिकटवायची, टोक झुडपाले बांधायचं अन् सोडून द्यायचं. कासव जाते, धागा सुटत जाते. दुसऱ्या सकाळी आपण धाग्यामागं जायचं. रात्रभर ते कुठं गेलं, कुठं थांबलं, कुठं वळलं, सारं जमिनीवर आखून ठेवलेलं सापडते.

मॅडमची रीळ गवतात अडून तुटायची. मी दोनदा पाह्यलं अन् राह्यवलं नाही. म्हटलं, “मॅडम, रीळ बाहेरून सुटली त फिरावं लागते तिले, अडकनच. आतून सुटली पाह्यजे.” घरी येऊन पेन्सिलीवर धागा गुंडाळला, पेन्सिल काढून घेतली, वरून टेप मारला, आतलं टोक बाहेर काढलं. शिलाईच्या मशीनवर पंधरा वर्षं घातली आहेत, धाग्याचा स्वभाव मले समजते. आज पहिल्यांदा पूर्ण धागा सुटला. मॅडमनं मले मिठीच मारली. मी इकडंतिकडं पाह्यलं, कोणी पाह्यलं त नाही!

९ जुलै, बुधवार

मॅडम दर कासवाले नंबर देते. आज तीन नंबरच्या धाग्यामागं गेली. धानाचा रोवणा सुरू आहे, साऱ्या बांध्या पाण्यानं भरल्या. तीन नंबर बोडीतून निघाली, धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं गेली, एका पळसाखाली थांबली, पुढं गेली, परत त्याच पळसाखाली आली. मॅडम म्हणते ती मादी आहे अन् दरवेळी तिथंच दम घेते.

तिच्या मागं मी बोडीच्या पलीकडं गेली. या गावात बारा वर्षं झाली, बोडीची मागची बाजू आज पाह्यली. तिकडं कमळं आहेत! घर, शेत, नळ, घर, एवढाच माहा रस्ता. तीन नंबर एका रात्रीत जेवढी फिरली तेवढी मी लग्न झाल्यापासून फिरली नसन.

रोवणाऱ्या बाया कमरेत वाकून हासत होत्या. “काहो नूतन, कासवाची सासुरवाडी कुठं निघाली?” मी म्हटलं, “तुमच्याच घराकडं गेली होती, पण तुमची सासू पाहून वापस फिरली.” मग त्याच जास्त हासल्या.

१२ जुलै

पाय सुजले. डोकं ठणकून राह्यलं. कोणाले सांगणार नाही, नाहीत म्हणतीन, झालं ना कासव करून.

१३ जुलै

सकाळी उठली त चुलीपाशी माह्यासाठी आल्याचा चहा झाकून ठेवला होता अन् वाटीत कोमट तेल. मामीजी न्हाणीत. मी कोणाले काही बोलली नव्हती. चेहऱ्यावरून समजलं असन.

१८ जुलै, शुक्रवार

आज मोठा राडा झाला.

पांढरा धागा चिखलात दिसत नाही म्हणून मॅडमनं पिवळा आणला. मले तेव्हाच खटकायले पाह्यजे होतं. सात नंबर प्रेमलाल भाऊच्या बांधीतून गेली, चारही धुऱ्याइले वळसा घालून गेली. सकाळी प्रेमलाल भाऊ शेतावर गेले त बांधीभोवती हळदीच्या रंगाचा धागा फिरवलेला. कोणी करणी केली म्हणून बोंब मारली. मी पोचली तव्हा वीस माणूस जमा, धागा तोडून आगीत टाकला होता, निंबू आणाले पोट्टा पाठवला होता.

“किसने किया ये? बताओ किसने किया!” प्रेमलाल भाऊ ओरडून राह्यले होते.

“कासवानं केलं,” मी म्हटलं.

“मजाक मत कर, बाई. तूच फिरून राह्यली सकाळी सकाळी शेताशेतानं. काय पुरून राह्यली काय माहीत.”

आता मात्र माहं डोकं सटकलं. उरलेला धागा धरला अन् सर्वाइले घेऊन गेली. बेशरमीच्या झुडपात सात नंबर बसली होती, पाठीवर रीळ. उचलून प्रेमलाल भाऊच्या हातात देली. “घ्या. हिले विचारा करणी कोणी शिकवली.” कासवानं त्याइच्या हातावर मुतून देलं. माणसं एवढी हासली का निंबूवाला पोट्टा आला तव्हा त्याले कोणी विचारलंही नाही. पण प्रेमलाल भाऊ हासले नाही. जाताना म्हणले, तुह्या सासऱ्याले सांगतो. सांगा ना. कोण भेते?

उद्यापासून हिरवा धागा.

२६ जुलै, शनिवार

आज मी एक चांगलं काम केलं. पाच नंबर गोंदियाच्या रस्त्याच्या कडेले बसली होती, ट्रकं जाऊन राह्यले होते. मॅडम आज बालाघाटले गेलती. आमच्याकडं असं आहे का कासव अडचणीत दिसलं त त्याले देवाच्या पाण्यात सोडावं, पुण्य लागते. मी तिले ओच्यात घेतली अन् रस्त्यापलीकडं महादेवाच्या तळ्यात नेऊन सोडली. भरपूर पाणी, कमळं, मासे, कोणी जाळं टाकत नाही. आमच्या बोडीपेक्षा दहापट चांगली जागा. नमस्कार करून आली.

२७ जुलै

मॅडमले सांगितलं. तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, “ताई, ती तिकडची नाही. तिले अंडी घालायची जागा, खायाची जागा, लपायची जागा, सारं इकडं माहीत आहे. ती परत येईन.”

“एवढं चांगलं पाणी सोडून?”

“चांगलं आहे. पण तिचं नाही.”

मले रागच आला. शिकलेल्या लोकाइले पुण्याचंही कौतुक नाही.

३० जुलै, बुधवार

पाच नंबर रस्त्यावर सापडली. महादेवाच्या बाजूनं इकडं येऊन राह्यली होती, तोंड बोडीकडं होतं. अर्धा रस्ता पार केला होता.

मी तिले गोळा केली. पोटात पाच अंडी होती, लांबट, पांढरी, तीन फुटलेली. मॅडमनं वजन केलं, फोटो काढला, वहीत लिहिलं. मले म्हणाली, तुमची चूक नाही, सगळे असंच करतेत. माही चूक नाही त कोणाची? मीच ओच्यात घालून नेली. तिले विचारलं नाही कुठं जाऊन राह्यली, उचलली अन् नेली. जागा चांगली होती ना, मग कशाले रडते, असं वाटलं असन मले. खूप रडली मी. जेवली नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आमच्या मागच्या आवारात विहीर आहे. त्यात एक कासव आहे. मी या घरात आली तेव्हापासून पाहून राह्यली अन् आजवर एकदाही नीट पाह्यलं नाही.

आमच्याकडं नवीन विहिरीले पाणी लागलं का घरच्या नव्या सुनेच्या हातानं त्यात कासव सोडतेत. पाणी साफ राह्यते, आटत नाही, घरात बरकत राह्यते. ही विहीर झाली तेव्हा मामीजी नव्या सून होत्या. चाळीस वर्षं झाली. त्या दररोज सकाळी भात टाकतेत. मामाजी पाहुण्याइले हात धरून दाखवाले नेतेत, “देखो, चालीस साल से पानी कम नहीं हुआ.” सारं गाव म्हणते दुलीचंदची विहीर लक्ष्मीची.

आज मी वाकून पाहत बसली. खाली दगडाचा एक टप्पा आहे, हातभर. तेवढ्यावर ते ऊन खाते. ऊनही दुपारी पाऊण तास येते. टप्प्यावरून पाण्यात, पाण्यात गोल चक्कर, परत टप्प्यावर. मी मोजलं, एका तासात अकरा चकरा. तिथंच भिंतीले एका जागी दगड घासून घासून गुळगुळीत झाला आहे. चढून पाह्यत असन.

मॅडमले आणून दाखवलं. ती म्हणाली, मादी आहे. मग मले एकदम आठवलं. कधीकधी बादलीत पांढरी लांबट अंडी यायची. मामीजी ती चुपचाप काढून लिंबाच्या झाडाखाली माती उकरून पुरायच्या. मी विचारलंही होतं, काहून पुरता? त्याइनं वरून माती सारखी केली होती.

मॅडम म्हणते असं विहिरीत ठेवणं कायद्यातही बसत नाही, वनविभागाले कळवू का. मी म्हटलं, खबरदार. हे आमच्या घरचं आहे. मीच पाहीन.

७ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना विषय काढला. म्हटलं, मामाजी, विहिरीतलं कासव सोडून देऊ.

त्याइचा घास हातातच राह्यला. मग जे सुरू झाले! प्रेमलालचा धागा, रस्त्यावरचं कासव, आठवी पिढी, सारं निघालं. शेवटी म्हणले, “ऐक. ते या विहिरीतून बाहेर निघालं, त तूही या घरातून बाहेर. पानी गेलं त गाव कोणाले विचारीन? मले विचारीन.”

मी म्हटलं, “पाणी कासवानं नाही राह्यत, झऱ्यानं राह्यते.”

“तुह्या मॅडमनं शिकवलं?”

“मॅडमनं नाही. तुम्ही विहीर साफ केली तव्हा झरे तुम्हीच मोजले होते.”

ताट सरकवून उठले. मामीजीनं ताट उचललं. माह्याकडं पाह्यलं, मले वाटलं आता बोलतीन. पण गेल्या भांडे घासाले.

हैदराबादले फोन लावला. नवरा म्हणे, “काहून भांडण उकरते? एक कासव त आहे.” मी म्हटलं, “तुमच्यासाठी एक कासव आहे.” तो म्हणे, “मग तुह्यासाठी काय आहे?” फोन ठेवून देला.

१० ऑगस्ट

वहीच्या कोपऱ्यावर तपकिरी बोट उमटलं आहे. राखीनं चॉकलेट खाऊन हात लावला असन. विचारलं त नाही म्हणते. आजकालची पोरं तोंडावर खोटं बोलतेत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ठरवलं. सोमवारी मामाजी परसवाड्याच्या पाहुण्याकडं जातीन, मुक्कामी. त्या दिवशी टोपलं सोडून कासव काढते. मामाजी येईतोवर ते बोडीत असन. मग बोंबलत बसा.

१७ ऑगस्ट, रविवार

नाही. तसं नाही करायचं.

तीन दिवस विचार करून राह्यली. सासरा गावाले गेला म्हणून सुनेनं मागून काढलं, असं होईन. म्हंजे मी चोरी केली. काहाची चोरी? अन् उद्या कोण्या दुसऱ्याच्या विहिरीत सुनेच्या हातानं कासव पडीन, तव्हा मी कोणत्या तोंडानं बोलीन?

शुक्रवारी पोळा आहे. बैल धुवाले अर्धं गाव आमच्या विहिरीवर येते, मोटर आहे म्हणून. तव्हाच काढीन. दिवसाउजेडी, सर्वाइसमोर. बैलाच्या मानेवरचंही जू वर्षातून एक दिवस उतरते. हिले चाळीस वर्षांत एकही पोळा नाही भेटला.

घराबाहेर काढतीन त काढू दे. मशीन माही आहे, माहेरून आणली आहे. राजेगावले खोली भेटते. भेव वाटते, खोटं काहून बोलू. राखीचं काय करीन हे अजून ठरलं नाही. पण काढीनच.

मॅडमले सांगितलं. ती घाबरली आहे, पण येतो म्हणाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदमळणी. संध्याकाळी मामाजीनं बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळले. मामीजीनं ओवाळलं अन् दरवर्षीसारखं बैलाच्या कानात म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मग त्या तेच ताट घेऊन मागं विहिरीपाशी गेल्या. मी दारातून पाह्यलं. काठावर वाकल्या अन् खाली पाण्यात तोंड करून तेच म्हणाल्या. “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.” दोनदा म्हणाल्या. वयाचं आहे, काहीबाही होतं असं. डॉक्टरले दाखवाले पाह्यजे.

टोपलं अन् दोर काढून ठेवला. उद्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

सारं लिहिते.

आठ वाजता विहिरीवर पंधरा-सोळा माणूस, तेवढेच बैल. मॅडम रीळ, वजनकाटा घेऊन कोपऱ्यात. मी पदर खोचला, टोपल्याले दोर बांधला, त्यात भात ठेवला अन् सर्वाइले ऐकू जाईन असं म्हटलं, “आज मी हे कासव काढून राह्यली.”

मामाजीच्या हातातली घासणी पडली. प्रेमलाल भाऊ म्हणले, “दुलीचंद, रोक तेरी बहू को!” मी टोपलं खाली सोडलं.

अन् कासव बुडालं.

वर आलं, टोपलं दिसलं का बुडालं. एकदा, दोनदा, पाचदा. भात पाण्यात सांडला. लोक हासाले लागले. कोणी म्हणे, त्यालेच यायचं नाही. मामाजीनं छाती फुगवली, “पाह्य! चाळीस वर्षाचं घर आहे त्याचं. तू कोण काढणारी?” माह्या डोळ्यात पाणी आलं होतं पण मी दोर सोडला नाही. हात सोलले.

मग मागून लोटा वाजला. टन, टन, टन.

मामीजी होत्या. रोज सकाळी भात टाकताना त्या काठावर लोटा वाजवतेत, हे मले माहीत होतं, पण ध्यानातच आलं नाही. चाळीस वर्षं ज्या आवाजाले ते खायाले येते तो आवाज. मले बाजूले केलं, टोपलं दगडाच्या टप्प्याले टेकवलं, लोटा वाजवला अन् म्हणाल्या, “ये माय.” कासव वर आलं, मान काढली, टप्प्यावर चढलं अन् टोपल्यात गेलं. जसं आवतनच होतं.

“लीला!” मामाजी ओरडले. त्याइच्या तोंडून मामीजीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मामीजी दोर ओढत होत्या. वळूनही पाह्यलं नाही. “मीच टाकलं होतं. मीच काढून राह्यली. तुम्ही बैल धुवा.”

“म्या सांगितलं होतं. हे बाहेर निघालं त सून बाहेर.”

“मग मलेबी काढा. हे अन् मी एकाच दिवशी आलो होतो.”

एका बैलानं शिंगं हलवली. मी दोराले हात लावला अन् आम्ही दोघींनी ओढलं.

बाहेर आलं तव्हा दिसलं, पाठीवर शेवाळ, नखं वाढून वाकडी झालेली. मॅडमनं पाहून घेतलं, नखं कापली, तोंड तपासलं, रीळ चिकटवली. धाग्याचं टोक बांधाले मी झुडूप शोधत होती, त मामीजीनं हात पुढं केला. “आण इकडं.” बोटाले बांधून घेतलं.

कासवानं मान आत घेतली अन् बसलं. तासभर, दोन तास. माणसं बैल घेऊन पोळ्याच्या तोरणाकडं गेले. मामीजीनं पुरणाचा घास समोर ठेवला, त्याले तोंडही लावलं नाही. प्रेमलाल भाऊ जाताना म्हणले, “जाणार नाही ते.” मॅडम म्हणाली, वेळ लागते. संध्याकाळी पाच वाजता, ऊन उतरल्यावर, मान बाहेर आली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. अन् चाललं! बोडी डाव्या हाताले दोनशे पावलावर आहे, सर्वाइले वाटलं तिकडंच जाईन. ते उजवीकडं वळलं. तारेच्या कुंपणाखालून निघून गेलं.

मामीजीच्या बोटाचा धागा हळूहळू ताणत होता, सुटत होता. त्या अंधार पडेपर्यंत तशाच उभ्या होत्या, मग टोक कुंपणाच्या तारेले बांधलं. मामाजीनं आज कोणाशी बोलणं केलं नाही. मले अजून कोणी घराबाहेर काढलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी मारबत निघाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातलं सारं वाईट बाहेर नेणारी बाहुली. गल्लीतले लोक माह्या दारासमोर जास्त वेळ थांबले, “ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!” कोणासाठी होतं ते समजत होतं. मी दारात उभी राहून जोरानं म्हटलं, “घेऊन जाय गे मारबत!” मग ते पुढं गेले.

धाग्यामागं निघाली त मामीजी चपला घालून उभ्या. “मीबी येतो.” त्या एक हात गुडघ्यावर ठेवून चालतेत, पण थांबल्या नाही. धागा प्रेमलाल भाऊच्या बांधीतून, आंब्याखालून, पूर्वेकडं सरळ. एकदा खड्ड्यात थांबून माती उकरलेली होती. मॅडमनं माप घेतलं. अडीचशे मीटरवर धागा संपला, आम्ही चिखलातल्या पायाच्या खुणा धरून गेलो, त नाल्याच्या काठावर खुणा पाण्यात उतरल्या.

मामीजी काठावर बसल्या. म्हणाल्या, “नाल्यातलंच होतं ते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बापानं धरून देलं होतं, सासरच्या विहिरीत टाकाले. माह्या माहेरचं.”

नाल्यापलीकडं दोन कोसावर त्याइचं माहेर आहे हे मले माहीत होतं. मामाजी अन् मामीजीच्या भावाचं भांडण झालं तेव्हापासून, अकरा वर्षं, त्या तिकडं गेल्या नाही हेही माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी मी कधी एकत्र ठेवल्या नव्हत्या.

मॅडम हळूच म्हणाली, “आजी, एका कासवाच्या एका रात्रीवरून असं सांगता येत नाही. कदाचित नाल्याचा वास आला असन.”

“तुमच्या वहीत नका लिहू,” मामीजी म्हणाल्या. “मले माहीत आहे.”

मग त्या लुगडं वर धरून नाल्यात उतरल्या. पाणी गुडघ्याएवढं होतं. मी ओरडली, मामीजी, पडान! पलीकडं जाऊन उभ्या राह्यल्या, थोडं इकडंतिकडं पाह्यलं, एक दगड उचलून ओच्यात टाकला अन् वापस आल्या. दगड काहून, मी विचारलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज मामाजी बोलले. “चहा.” एवढंच. मी देला. बराच वेळ विहिरीत पाहून आले अन् म्हणले, “पाहू उन्हाळ्यात. पानी गेलं त बोलीन.”

मी म्हटलं, “पाहू उन्हाळ्यात.”

आत मामीजी गालात हासल्या असं वाटलं. नक्की नाही. तोंडात गुडाखू होतं.

उद्या नऊ नंबरच्या मागं जायचं आहे. विहिरीतलीले मॅडमनं नऊ नंबर देला. नाल्याच्या काठावर परत भेटते का पाहाचं. पाच वाजता निघायचं. रीळ गुंडाळून ठेवली. पेन्सिल सापडून राह्यली नव्हती, सारं घर शोधलं, शेवटी मामीजीच्या उशाखाली भेटली. तिथं कशी गेली काय माहीत.

पाऊण तासानं, त्याच दिवशी

किती पानं झाली पाहाले वही पहिल्यापासून चाळली. पहिल्या पानावर, जिथं मी डोळे फुटो लिहिलं होतं, त्याच्या खाली पेन्सिलीनं, मोठ्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं आहे:

“मराठी चवथी पास आहो. कोणी विचारलंच नाही. डोळे अजून फुटले नाही. उद्या मलेबी उठवजो.”